पाच वर्तुळं

टाच आधी कोमट फडक्याने शेकायची,
मग कडेला टोचायचं. मधोमध नाही, तिथे हाड जवळ असतं.
पहिला थेंब पुसून टाकायचा.
दुसरा कागदावर, वर्तुळाच्या आत, एकदाच.
अशी पाच वर्तुळं.
बाळ रडतं ते सुईपेक्षा
माझ्या गार हातांमुळे, असं मला वाटतं.

वेंगुर्ल्यात हा कागद लवकर वाळत नाही.
सूचनेत लिहिलंय तीन ते चार तास.
लिहिणाऱ्याने खाडीच्या वाऱ्यात
मिठाची बरणी कधी उघडी ठेवलेली नसावी.
मी आडवा ठेवते, उन्हापासून लांब,
माशी बसू नये म्हणून जाळीखाली.
घरी सोलं वाळत घालतो तीच जाळी,
आणि रंगही, दुपारपर्यंत, जवळपास तोच.

"बाय, माज्या चेडवाचा रगात खंय नेतास?"
केळूसच्या प्रणाली टिकमने विचारलं.
"कोल्हापुराक. तपासूक."
"दोन थेंबांत होता काय तपासून?"
"होता."
"मगे बाकीचे तीन?"

अकरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे:
उर्वरित नमुना जतन करण्यास व संशोधनार्थ वापरण्यास
माझी हरकत नाही.
तिने सही केली तेव्हा टाके घालून तास झाला होता.
होडीचे कागद पुढे केले असते
तरी तिने सही केली असती.
"ठेवतत कपाटात," मी म्हटलं.
"किती वर्सा?"
मला ठाऊक नाही, हे मी सांगितलं नाही.
ती ओळ खोडता येते, हेही नाही.

आठव्या दिवशी वरून फोन: थायरॉइड.
मुलीला ताबडतोब गोळी सुरू करा.
फॉर्मवरचा नंबर बापाचा,
बाप ट्रॉलरवर, देवगडच्याही पलीकडे,
संपर्क क्षेत्राच्या बाहेर.
दुसरा नंबर वाडीतल्या दुकानाचा.
"काय झाला चेडवाक?"
त्याच्यामागे गिऱ्हाइकं गप्प झालेली
मला इकडे ऐकू आली.
नियम म्हणतो, आईबापाखेरीज कुणाला नाही.
गोळी म्हणते, आज.
आणि वीस-बावीस वर्षांनी
या मुलीला कोणी बघायला येईल, पत्ता विचारेल,
तेव्हा हे दुकान तिथेच असेल.
"काय नाय, एक डोस रवलो हा," मी म्हटलं
आणि स्कूटी काढली.

प्रणालीने सगळं ऐकलं. गोळी कुस्करून
चमच्यातल्या दुधात कशी द्यायची ते दोनदा करून दाखवलं.
"बरी होतली?"
"रोज दिलंस तर इतरांसारखी वाढेल."
मग ती दाराकडे बघत म्हणाली,
"खंयच लिवू नको."
मी लिहिलं. रजिस्टर, कार्ड, मासिक अहवाल.
लिहिल्याशिवाय पुढची गोळी येत नाही.

परतताना बंदरावर शेवंती मोंडकर,
पाटीत चार बांगडे, शेजारी बाबुली.
अडतीस वर्षांचा. येणाऱ्या होड्या बोटांवर मोजतो,
पाचापर्यंत, मग परत एक.
"टिकमांच्या चेडवाक गोळी गावली म्हणतत."
म्हणजे बातमी स्कूटीच्या आधी पोचली होती.
ती बांगड्यांवरची माशी हाकलत राहिली.
"माज्या झिलाच्या येळार होतो काय गे
ह्यो थेंब?"

त्याला कधी कोणी तपासलंच नाही.
कदाचित तेच असेल, कदाचित दुसरंच काही.
"नव्हतो," मी म्हटलं.
या बंदरात नव्हता, हे खरं.
जगात दुसरीकडे कुठेतरी होता, हे वाक्य
मी गिळलं. तिच्यासाठी की माझ्यासाठी,
ते त्या वेळी नीट बघितलं नाही.

एक होडी लागली.
बाबुलीने अंगठा मिटला, म्हणाला, पाच.
मूठ उघडली.
माझ्या पिशवीत प्रणालीचा फॉर्म होता,
दमट हवेत कोपऱ्यांशी वळलेला,
तळाची ओळ तशीच.